शेजाऱ्याने बोअर मारला, आता तुम्ही काय कराल?

हॉस्टेलला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गच्चीवर सोलर, खाली चाळीस पोरं आणि गरम पाणी पुरतं साधारण पंचवीस जणांना. आमच्या हॉस्टेलला पहिला आठवडा सगळे सातला उठायचे. मग एकाला शोध लागला की साडेसहाला गेलं तर आरामात दोन बादल्या मिळतात. दुसऱ्या दिवशी सहा वाजता चार जण हजर. महिन्याभरात पहाटे पावणेपाचला बाथरूमबाहेर रांग! पाणी तेवढंच होतं, अंघोळ करणारेही तेवढेच होते. फक्त सगळ्यांची झोप गेली आणि शेवटच्या पंधरा जणांचं नशीब होतं तेवढंच थंड राहिलं. मग नोटीस लागली, ‘पाणी जपून वापरा’. दोन दिवसांनी तिच्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं, ‘आधी तुम्ही’.

मला आजही वाटतं की त्या पेनवाल्याला गेम थिअरी कळली होती, नोटीस लावणाऱ्याला नाही.

आता हॉस्टेलमधून गावाकडे चला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गाव आहे आणि गावात थोडी का होईना शेती आहे. समजा, फेब्रुवारी महिना आहे. घरून फोन येतो. आई इकडचं-तिकडचं बोलते आणि मग सांगते की शेजारच्या काकांच्या बांधावर रात्री बोअरची गाडी आली होती. पाचशे फुटांवर दोन इंची पाणी लागलं. आपल्या विहिरीने आठ दिवसांत तळ गाठलाय. बाबा म्हणतायत, आपणही मारू या, सहाशे फूट जाऊ. पैसे काकाच्या गळ्यात पडून किंवा सोनं ठेवून उभे करू. तुझं काय मत आहे?

तुम्ही शिकलेले, म्हणून तुम्हाला विचारलं. काय सांगाल?

एक साधा हिशेब मांडू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले, पण त्यांची जात खरी आहे. दोन शेतकरी, शेजारी-शेजारी, खाली एकच पाणी. प्रत्येकापुढे दोन पर्याय आहेत. थोडा उपसा, म्हणजे ज्वारी, हरभरा, थोडा भाजीपाला. किंवा जोरात उपसा, म्हणजे ऊस नाहीतर बाग. दोघांनी थोडा उपसा केला तर पाणी मेपर्यंत टिकतं आणि प्रत्येकाला वर्षाला ६० हजार सुटतात. एकाने जोरात उपसलं आणि दुसरा भला राहिला तर उपसणाऱ्याला ९० हजार, भल्याला २० हजार. दोघांनीही जोरात उपसलं तर फेब्रुवारीतच खडखडाट, वर बोअरचा, मोटरचा, पाईपचा खर्च. हातात प्रत्येकी ३५ हजार.

आता बाबांच्या जागी बसा. शेजारी भला असेल तर जोरात उपसण्यात फायदा, कारण ६० पेक्षा ९० जास्त. शेजारी जोरात उपसत असेल तरीही जोरात उपसण्यातच फायदा, कारण २० पेक्षा ३५ बरे. म्हणजे शेजारी काहीही करो, आपण गाडी बोलवायची. शेजाऱ्याच्या घरीही हाच हिशेब चालू आहे. दोघंही शहाणे, दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही ३५ वर. समोर ६० दिसत असताना.

हाच तो प्रसिद्ध ‘कैद्यांचा पेच’. १९५० साली अमेरिकेतल्या रँड या संस्थेत फ्लड आणि ड्रेशर या दोन संशोधकांनी हा खेळ मांडला, टकर नावाच्या गणितज्ञाने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली. त्याच वर्षी जॉन नॅशने दाखवून दिलं की अशा खेळांमध्ये निदान एक अशी स्थिती असतेच, जिथून एकट्याने हलण्यात कुणाचाच फायदा नसतो. दोघंही ३५ वर अडकलेत ती हीच स्थिती. अर्थशास्त्राच्या पेपरात यावर पाच मार्कांची टीप येते, आपण ती लिहितो आणि विसरतो. पण ती टीप तुमच्या बांधावर चालून आली आहे.

इथे माझा पहिला मुद्दा. आपल्याकडे पाण्यावर बोलणं म्हणजे स्वभावावर बोलणं झालंय. शेतकरी हावरा झाला, लोकांना किंमत नाही, जनजागृती हवी. पथनाट्य करा, रॅली काढा, घोषवाक्य स्पर्धा घ्या. एनएसएसच्या कॅम्पला मीही घोषणा दिल्या आहेत. पण वरचा तक्ता पुन्हा बघा. त्यात हाव कुठेही नाही. बाबांना सगळं माहीत आहे. पाणी खोल चाललंय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळलं, कारण विहिरीत दोर त्यांनीच वाढवला. ज्याला माहिती आहे त्यालाच माहिती देऊन काय होणार? जोवर शेजारी काय करेल याची खात्री नाही, तोवर एकट्याने जपून वापरणं म्हणजे आपलं पाणी त्याला दान करणं आहे.

आणि हे दान अक्षरशः होतं, कारण जमिनीखाली बांध नसतो. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये. माझ्या बोअरला लागलेली भेग तुमच्या विहिरीच्या झऱ्यालाच जाऊन मिळालेली असू शकते. पण कायद्याचा पाया वेगळाच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण धरून चाललोय की ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी. म्हणजे वहीवर मालकी खासगी आणि प्रत्यक्षात पाणी सगळ्यांचं. एका ताटात चार जण जेवतायत आणि प्रत्येकाला सांगितलंय, हे ताट तुझं. मग घास मोठा होणारच.

त्यात वीज. डिझेल इंजिन होतं तेव्हा निदान तासाला किती जळतं हे टोचायचं. आता महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे आणि सौरपंपाला तर बिलच नाही. मी मोफत विजेच्या विरोधात लिहितोय असं समजू नका. ज्याला रात्री दोन वाजता थ्री फेज मिळते आणि जो बिबट्याच्या भीतीने हातात काठी घेऊन दारं धरायला जातो, त्याला बिलावरून उपदेश करायचा मला हक्क नाही. मात्र खेळाच्या भाषेत याचा अर्थ असा, की पुढचा एक तास मोटर चालू ठेवायला काहीच पडत नाही. म्हणूनच घराघरांत ऑटो स्टार्टर. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, लाइट गेली की बंद. मधल्या वेळात माणूस झोपलेला. भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आहे, अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहूनही जास्त, ते काही उगाच नाही.

आता पुस्तकं इथे काय म्हणतात? १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकात सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली. सामायिक गायरानात प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी गायरान संपतं. त्यातून लोकांनी दोनच औषधं काढली, एकतर वाटून खासगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. भूजलाच्या बाबतीत आपण दोन्ही करून बसलोय. खासगी तर ते १८८२ पासून आहे. आणि सरकारी नियंत्रण म्हणाल तर आधी १९९३ चा कायदा होता, त्यानुसार पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नव्हती. पुढे २००९ चा भूजल अधिनियम आला, तो २०१४ पासून लागू आहे. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आता आठवा, आईने फोनवर किती फूट सांगितलं होतं?

कायदा वाईट नाही. पण तो मोडला जातोय हे बघणारा माणूस तालुक्याच्या गावी बसतो आणि बोअरची गाडी रात्री अकराला येते.

हार्डिनला चुकीचं ठरवलं ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली महिला, साल २००९. गंमत म्हणजे त्यांनी पीएचडी केली ती भूजलावरच. लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या पट्ट्यात इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरायला लागलं. उपसणारे म्हणजे नगरपालिका, पाणी कंपन्या, तेल शुद्धीकरण कारखाने. साधुसंत कुणीच नाही. प्रकरण कोर्टात गेलं, पण तोडगा त्यांनी आपापसांत काढला आणि त्यात एक अट घातली, ती मला फार हुशार वाटते. कपातीचा करार लगेच लागू होणार नाही. एकूण उपशाच्या हक्कांपैकी ८० टक्के हक्क असणाऱ्यांनी सह्या केल्या तरच तो लागू होईल.

या अटीने काय केलं बघा. सही करणारा पहिला माणूस मूर्ख ठरण्याची भीती गेली. ‘आधी तुम्ही’ला उत्तर मिळालं, आधी कुणीच नाही, सगळे एकदम. पुढे एक अधिकारी नेमला गेला, जो दरवर्षी कोणी किती उपसलं याचा जाहीर अहवाल काढतो. ज्याला वाटत होतं की शेजारी चोरतोय, त्याने अहवाल उघडून बघावा.

अमेरिका लांब पडते, म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यात या. हिवरे बाजारबद्दल तुम्ही शाळेत निबंध लिहिलेला असेल. पोपटराव पवार, श्रमदान, समतल चर, हिरवे डोंगर. निबंधात जे नसतं ते सांगतो. डोंगरावर चर खणणं हा अवघड भाग नव्हे. म्हणजे अंग मोडून जातं, पण तो खेळ सोपा आहे. सगळे आले तर मजा येते, न येणारा सगळ्यांना दिसतो आणि पाणी वाढल्यावर कुणाचंच नुकसान नसतं. वॉटर कप स्पर्धेत २०१६ पासून गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन उतरली ती यामुळेच. खरा पेच नंतर सुरू होतो. पावसाळा झाला, विहिरी काठोकाठ भरल्या. आता? दुसऱ्याच वर्षी ऊस. मिळून अडवलेलं पाणी एकेकट्याने उपसायचं. पाणी आणण्याचा खेळ आणि पाणी वाटण्याचा खेळ हे दोन वेगळे खेळ आहेत आणि आपण टाळ्या फक्त पहिल्यासाठी वाजवतो.

हिवरे बाजारने दुसरा खेळ हातात घेतला. शेतीसाठी बोअर बंद. ऊस, केळी अशी तहानलेली पिकं बंद. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी पिण्याचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागातली ही गोष्ट आहे.

या नियमांमध्ये एक बारीक गोष्ट आहे. कुणीही लिटर मोजलेले नाहीत. ‘प्रत्येकाने अमुक हजार लिटरच उपसावं’ असा नियम केला असता तर तो आठ दिवस टिकला नसता, कारण कुणाच्या मोटरने रात्री किती ओढलं हे कुणाला कळणार? नियम केले ते डोळ्यांना आणि कानांना कळणाऱ्या गोष्टींवर. ऊस लपवता येत नाही. तो डोक्याएवढा वाढतो. बोअरची गाडी आली तर अख्ख्या शिवाराला ऐकू येते. पाणी अदृश्य आहे, पण पीक दिसतं, म्हणून पिकावर नियम.

आपल्या तक्त्यात हे घालून बघा. जोरात उपसणाऱ्याला ४० हजारांचा फटका बसणार असेल, मग तो दंड असो की गावाने सोयी बंद करणं असो, तर ९० चे ५० होतात. ६० पेक्षा कमी. बाबा गाडी बोलवत नाहीत. पण पकडलं जाण्याची शक्यता निम्मीच असेल तर सरासरी फटका २० चा, ९० चे ७० उरतात आणि गाडी पुन्हा येते. दंड तोच, फक्त दिसण्याचा फरक.

कोकणातल्या मित्रांना हे पटकन पटेल. जून-जुलैची मासेमारी बंदी बऱ्यापैकी पाळली जाते, कारण बंदरात ओढलेली बोट सगळ्यांना दिसते. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्यावरून भांडणं चालूच आहेत, कारण रात्री खोल समुद्रात कोण बघायला जाणार?

नायगावची पाणी पंचायत तर याहून जुनी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात ती उभी केली. नियम असा, की पाणी जमिनीवर नाही, माणसावर मोजायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. मला हा नियम हिवरे बाजारपेक्षाही धाडसी वाटतो, कारण तो माझ्या तक्त्यातली एक लबाडी उघडी पाडतो. मी दोन्ही शेतकरी सारखे धरले होते. ते कुठे सारखे असतात? एकाकडे आठशे फूट जायला पैसे आहेत, दुसऱ्याकडे आजोबांनी खणलेली पाच परसाची विहीर आहे. पहिल्याने बोअर मारला की दुसऱ्याला ‘पर्याय’च उरत नाही, तो खेळातून बाहेर जातो आणि पहिल्याच्याच शेतात मजुरीला येतो. ज्याला जमीनच नाही त्याला तर तक्त्यात रकानाही नव्हता. गेम थिअरी शिकवताना हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगतोय.

आता तुमचा भाग. तुम्ही म्हणाल, आम्ही पुण्यात, आमचा काय संबंध?

आहे, आणि थोडा टोचणारा आहे. कैद्यांचा पेच एकदाच खेळायचा असेल तर फसवणं शहाणपणाचं. पण वर्षानुवर्षं त्याच माणसाबरोबर खेळायचा असेल तर गणित बदलतं. आज भला शेजारी सोडून जोरात उपसलं तर या वर्षी ३० हजार जास्त मिळतील. पण पुढच्या वर्षीपासून शेजारीही तसाच वागेल आणि दरवर्षी ६० ऐवजी ३५ मिळतील, म्हणजे २५ चा तोटा. तिसऱ्या वर्षीच सौदा बुडीत. ऐंशीच्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉडने कॉम्प्युटरवर अशा खेळांची स्पर्धा भरवली, त्यात जिंकला तो सगळ्यात साधा प्रोग्रॅम. सुरुवात भलेपणाने करायची आणि नंतर समोरचा वागला तसं वागायचं. पण हे सगळं चालतं एकाच अटीवर. पुढचं वर्ष महत्त्वाचं वाटलं पाहिजे.

बाबांना पुढचं वर्ष का महत्त्वाचं वाटावं? मार्चअखेर सोसायटीचं कर्ज फिरवायचंय, तुमची फी आहे, बहिणीचं लग्न आहे. आणि वीस वर्षांनी ही जमीन कोण कसणार, हे त्यांना कळून चुकलंय. तुम्ही नाही. शेजारच्या काकांचा मुलगाही नाही, तो हिंजवडीला आहे. जो खेळ पुढच्या पिढीत जाणारच नाही, त्यात शेवटच्या डावाला पत्ते राखून ठेवण्यात काय अर्थ? आपण गाव सोडलं याचा दोष मी आपल्याला देत नाही. शेतीत राहा असं सांगायची माझी तरी लायकी नाही. पण बाबा हावरे झाले म्हणण्याआधी, त्यांच्या हिशेबातून पुढची वर्षं कुणी काढून घेतली, हे बघायला हवं. शहरात आलात म्हणून खेळ सुटत नाही, हेही सांगून ठेवतो. नव्या सोसायट्यांमध्ये चौथा-पाचवा बोअर आणि दाराशी टँकर, हा तोच तक्ता आहे. फक्त इथे शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं.

फोन अजून चालू आहे. आई उत्तराची वाट बघतेय.

‘मारू नका’ असं मी सांगणार नाही. एकट्याने थांबणाऱ्याला २० मिळतात हे मीच वर लिहिलंय. पण एक फोन शेजारच्या काकांच्या मुलालाही करता येतो. हिंजवडीवाल्याला. तुमचा नंबर त्याच्याकडे आहे, लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकलात. दोन्ही बोअरवर मिळून चार लाख घालण्याआधी त्या ओढ्याकाठचे आठ-दहा खातेदार एकत्र बसतील का, एवढंच विचारायचं. ऊस कुणी लावायचा नाही, पण आठातल्या सहांनी हो म्हटलं तरच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जवळची कुठली ते ग्रामपंचायतीत विचारता येईल. नाहीतर आपल्याच विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा आणि दर अमावास्येला आकडा ग्रुपवर टाका. तसाही त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगशिवाय काही येत नाही.

हॉस्टेलचं पुढे काय झालं ते राहिलंच. बाथरूमच्या दारावर आम्ही खडूने नावं लिहायला लागलो. माणशी एक बादली, बादली नेली की नावापुढे रेघ. रेघ न मारता कुणी नेली तर मागे उभे असलेले सहा जण बघत असायचे. चाळिसातल्या पस्तीस जणांना कोमट का होईना, पाणी मिळायला लागलं. उरलेले पाच रोज वेगळे असायचे, तेही ठरवून. दोन जणांनी शेवटपर्यंत दोन-दोन बादल्या नेल्या. त्यांची नावं अजून सगळ्यांना पाठ आहेत.